अर्धं नाव

त्या साली मार्च चिखलाचा होता.
मेपलच्या बुंध्यांना टांगलेल्या बादल्यांत
रस थेंबथेंब उतरत होता
आणि आमच्या टाउनशिपला आमदार निवडायचा होता.

जागा : लोहाराची भट्टी.
ऐरणीवर फळी, फळीवर वही,
वहीपाशी मी, एकोणीस वर्षांचा मतलेखनिक,
थोरल्या भावाच्या कोटात.
वहीत दोन रकाने :
डावीकडे मॅक्वेग, उजवीकडे मॅकिन्टॉश.

म्हातारे सांगत, आधी असं नव्हतं.
माणूस उभा राहायचा, बस्स.
त्याचा आजा कोणत्या जहाजातून आला,
ओढ्यावरच्या पुलाला त्यानं लाकूड दिलं का,
एवढं पाहिलं की झालं.
यंदा टोरांटोहून खोकी आली फितींची.
एका खोक्यात टोरी, एका खोक्यात ग्रिट.
ग्रिट म्हणजे वाळू, म्हणे, मातीचा कणही नसलेली.
आमच्यात माती सगळ्यांच्याच बुटांना.
तरी पंधरवड्यात सख्खे भाऊ
कुंपणाच्या दोन बाजूंनी गायी हाकू लागले.
लोहाराच्या कुत्रीलाही पक्ष मिळाला;
तिनं तो दुपारपर्यंत चावून खाल्ला.

मत तेव्हा तोंडानं द्यायची गोष्ट होती.
टोपी काढायची, पायरीवर चढायचं
आणि नाव घ्यायचं, खणखणीत, गावादेखत.
समोर खुर्ची टाकून गिरणीमालक फ्रेझर
सफरचंद सोलत बसला होता.
साल तुटू देत नव्हता.
कुणाकडे बघतही नव्हता. ऐकत होता.

चार वाजता एकशे बारा, एकशे बारा.
तेव्हा आला लॉकलन ड्यूअर,
पिंपं बनवणारा, जन्माचा तोतरा.
त्याची पिंपं जायची फ्रेझरच्या गिरणीला,
बायको मॅक्वेगची मावसबहीण.
इकडे आड, तिकडे विहीर,
आणि मधे ही तीन बोटांची पायरी.

"मॅ," तो म्हणाला.
भाता थांबला.
"मॅक्," तो म्हणाला,
आणि दोन्हीकडच्या टोप्या एकदम उडाल्या.
"मॅक्... मॅक्..."
कुणी बदकासारखं ओरडलं. कुणी पाणी दिलं.
कुणी पाण्यात पाण्याहून बरं काही ओतून दिलं.
ते त्यानं प्यायलं, मान लववून आभार मानले,
आणि पुन्हा पहिल्यापासून, "मॅ..."

मला एक गोष्ट ठाऊक होती.
फ्रेझर दुसऱ्या चर्चचा, त्याला नसावी.
आमच्याकडे गेलिक स्तोत्र उचलताना
लॉकलन कधीच अडखळत नसे.
सुराला लावलं की शब्द त्याच्या तोंडातून
ओल्या पिंपावरच्या कडीसारखा सरकन उतरे.
नाव त्याला गाता आलं असतं.
एका ओळीत संपलं असतं सगळं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी टाकाकडे पाहिलं,
आणि टाकाच्या टोकावरला थेंब
वहीवर पडला.

घड्याळात पाच झाले.
पायरीवरून उतरून त्यानं टोपी घातली.
फ्रेझरच्या सफरचंदाची साल
तुटून मांडीवर पडली होती.

मी लिहिलं ते असं :
दोन रकान्यांमधल्या रेषेवरच, "मॅक्".
नियमात असं काही नव्हतं.
पीठासीन अधिकाऱ्यानं ते खोडलं,
बरोबरी मोडायला स्वतःचं मत दिलं
मॅकिन्टॉशला. हिवाळ्यापर्यंत
तो पोस्टमास्तर झाला होता.

चार वर्षांनी कागद आले, पेन्सिल आली,
घोड्याच्या झुलीचा पडदा आला.
लॉकलन आत गेला आणि शिंक यायला लागते
तेवढ्यात बाहेर आला.
"चि-चि-चिखल फार," मला म्हणाला.
फार, मी म्हणालो.

कुठे फुली मारली, विचारलं नाही.
पण रविवारी तो गायला लागला
की मी अजून स्तोत्रात नाव शोधतो.