फुंकर

आज गाडी रस्त्यावर नाही.
अंगणात उभी, पुढची दोन चाकं उतरवून,
मागच्या चाकांना खालच्या भातखाचरांतल्या मातीच्या विटा.
जॅक शेजारच्या न्झाकाचा, संध्याकाळी परत द्यायचा.
रेनो चार. रंग सायीचा,
जिथे पोपडे गेले तिथे आधीच्या तीन मालकांचे रंग.

ताना शहर म्हणजे नुसते चढ.
चढ म्हणजेच उतार, हे बाबांनी शिकवलं:
आंदुहालुच्या माथ्यावर इंजिन बंद करायचं
आणि थेट आनालाकेलीच्या बाजारापर्यंत
फुकट यायचं.
पेट्रोल दीड लिटरच्या बाटलीत, पायांशी.
पाच उतारू, कोंबड्यांची टोपली,
आणि सगळा भार चार डबड्यांतल्या
आठ चंद्रकोरींवर.
चंद्रकोर मी म्हणते. बाबा म्हणतात शू.

गेल्या आठवड्यात पॅडल तळाला टेकलं.
दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठे ब्रेक लागला.
मधल्या वेळात
तळ्याकाठचा अख्खा जॅकरांडा
काचेपर्यंत आला होता, फुलांसकट.
घरी मी बोलले नाही.
बाबांनी चाकाचा वास घेतला. म्हणाले, “गळतंय.”

ड्रम निघेना.
झिजून झिजून कडेला कंगोरा आलेला,
शू त्यात अडकून बसलेले.
“ॲडजस्टर मागे घे,” स्टुलावरून बाबा.
“घेतलाय.”
“मग हातोडी. पण गोल गोल. एकाच जागी ठोकलंस तर रुसतो.”
सातव्या फेरीला तो सुटला.
आत काळी भुकटी,
चिमूटभर नव्हे, ओंजळभर.

बाबा वाकले. सवयीने गाल फुगवले.

चाळीस वर्षं हेच.
ड्रम काढायचा, तोंडाजवळ धरायचा,
एक फुंकर.
माझा गुडघा फुटला की घालायचे, तशीच.
धूळ उन्हात चमकत उडायची
आणि मी, फारा, म्हणजे शेंडेफळ,
तिच्यात हात फिरवायला धावायचे.

“थांबा.”
मी ओला ब्रश आणला.
“पाणी? लोखंडाला?” त्यांना हसू आलं,
हसण्यातून खोकला,
आणि खोकल्यातून परत यायला लागला
तेवढ्या वेळात मी एका चाकाच्या
सगळ्या स्प्रिंगा काढून ठेवल्या.

इसुट्रीहून आणलेल्या लायनरच्या खोक्यावर
एक चित्र आहे: तोंडाला फडकं बांधलेला माणूस.
बाबांनी ते हात लांब करून पाहिलं.
“हा कोण? डाकू?”
“मेकॅनिक.”
“आमच्या वेळी नव्हता हा,” म्हणाले
आणि खोकं पालथं ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला होता.
दोन फुफ्फुसं. मला तेव्हा ती
ड्रममधल्या शूंसारखीच दिसली, समोरासमोर,
झिजलेली.

सिलिंडरमधली रबरं फुगून फाटलेली.
नवी बसवली, ब्रेक ऑइलात बोट बुडवून.
शेवटच्या स्प्रिंगेनं अंगठ्याचं सालटं नेलं.
बाबांनी नकळत माझा हात ओढला,
फुंकर घातली.
ती मात्र मी घालू दिली.

मग हवा काढायची.
या कामाला दोन माणसं लागतात.
लहानपणी पॅडलवर मी असायचे,
सीटच्या अगदी टोकाशी, पाय जेमतेम पोचत,
आणि खालून आवाज यायचा:
दाब. धर. सोड.

आज खाली मी.
“दाबा.”
नळीतून बाटलीत बुडबुडे.
“धरा.”
निपल आवळला.
“सोडा.”
दर खेपेला त्यांना लागलेला दम
पत्र्यातून मला ऐकू येतो.
“थांबू या जरा?”
“नळीत हवा आहे अजून?”
“आहे.”
“मग बोल.”

दाबा. धरा.
बुडबुडे मोहरीएवढे. मग खसखशीएवढे.
मग नुसतं तेल.
मी पाना काढला, कपाळ पुसलं.
“सोडा,” म्हणाले.
वर काहीच हालचाल नाही.
“बाबा, झालं. सोडा.”

“राहू दे गं थोडं,” ते म्हणाले,
“किती दिवसांनी पायाला
काहीतरी घट्ट लागलंय.”