प्रयोजन

हॉल मिळाला भांडुपला,
कामगार कल्याण केंद्राचा, पहिल्या मजल्यावरचा,
कॅरम आणि शिवणवर्ग यांच्या मधल्या दोन तासांपुरता.
अर्जात ‘प्रयोजन’ असा रकाना.
मी लिहिलं : संगणकावरची मराठी अक्षरं वापरणाऱ्यांचा मेळावा.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
‘विक्री आहे का कसली?’
नाही. फुकट असतं ते.
‘मग कंपनी कुणाची?’
कुणाचीच नाही. वापरणारेच दुरुस्त करतात.
त्यांनी माझी ओळ खोडली,
वर ‘कौटुंबिक’ लिहिलं आणि शिक्का मारला.

तीस खुर्च्या मांडल्या.
म्हणजे मांडल्या वॉचमननी, मी नुसती मोजत होते.
साडेचारपर्यंत पंखा आणि मी.
मग निर्मळहून ऑल्विन डाबरे आले,
लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा.
मग मदनपुऱ्याच्या नसीमा मुकादम, लग्नपत्रिका छापणाऱ्या :
‘उर्दूशेजारी मराठी बसवली
की तुमचा कर्सर उलटा पळतो.’
आपला, मी म्हटलं.
‘बरं, आपला. पण पळतो.’
मग गिरगावातल्या वाचनालयाचे पुरंदर मयेकर,
अठरा हजार पुस्तकांची नोंद एकट्याने करणारे,
आल्या आल्या भिंतीवरच्या फलकातली वेलांटी सुधारणारे.
असे सात.
समोसे चाळीस.

विजेचा एकच पॉइंट जिवंत निघाला, खाली, फरशीलगत.
तीस खुर्च्या तशाच राहिल्या
आणि आम्ही जमिनीवर त्या पॉइंटभोवती,
वायरींत पाय अडकवून,
एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकी घालून.
बोलायचे मुद्दे मी कागदावर आणले होते.
त्यावर चटणी सांडली, बरं झालं.

वॉचमन दारात उभे होते, हातात फडकं.
‘माझं नाव येतं का ह्याच्यात?’
वऱ्हाडे. नसीमाबाईंनी टाइप केलं,
पडद्यावर नीट उमटलं.
छापून पाहिलं तर वर्हाडे.
‘हेच,’ ते म्हणाले, ‘पगाराच्या पावतीवर हेच,
पोरीच्या दाखल्यावर हेच.
आमचा र बिचारा ह च्या अलीकडे वाकून उभा राहतो,
हे लोक उचलून त्याला डोक्यावर बसवतात.’
कुणी हसलं नाही.
मयेकर चष्मा पुसत म्हणाले, समोसा घ्या.

सहाला शिवणवर्गाच्या बायका आल्या,
आम्ही अजून फाइल उसवत बसलेलो.
एक वाकून बघत म्हणाली,
‘गाठ पुढे नसते हो, मागे बघा.’
तिला काही कळलेलं नव्हतं,
पण गाठ मागेच होती. म्हणजे दिसली. सुटली नाही.

त्या रात्री शब्द पाठवले एकोणीस :
कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, दऱ्या, बिचाऱ्या...
शेवटी वऱ्हाडे.
पहाटे तीनला कुणा अनोळखी माणसाचं उत्तर :
छापलेल्या कागदाचा फोटो पाठवा.
मग चार महिने काही नाही.
दरम्यान दोन मेळावे झाले, एकाला आम्ही तिघंच होतो,
ऑल्विन केळी घेऊन आले होते, ती खाल्ली.

नवी आवृत्ती आली त्या दिवशी
मी नाव छापलं, जाड कार्डावर, मोठ्या टाइपात,
आणि भांडुपला गेले.
दारात दुसराच माणूस.
‘ते? कंत्राट बदललं ना. मुलुंडला असतील, नाहीतर कळव्याला.’
कार्ड एक्स्टेन्शन बोर्डाच्या पिशवीत ठेवलं.

वर बाईंनी जुना अर्ज काढला.
‘कौटुंबिक लिहिलंय, साहेब विचारत होते.
काय होतं तुमचं, साखरपुडा?’
मी म्हटलं, वऱ्हाड होतं.
‘किती माणसं?’
सात. आठ.
त्यांनी रकान्यात पेनाने लिहिलं, वऱ्हाड,
मान वर न करता,
र अगदी बरोबर वाकवून.