उसने हात

एका खांद्याला लशींचा डबा, आत चार आइसपॅक,
दुसऱ्या खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी.
पिशवीत एका वेळी तीन कामं:
धाकट्या नणंदेच्या बाळाचं टोपडं, लाल,
यांचा स्वेटर, दोन हिवाळे झाले एकाच बाहीचा,
आणि एक मफलर, कोणाचा ते ठरायचंय.

सुयांचे जोड दोनच.
म्हणून स्वेटरचे एकशे बारा टाके
सलाइनच्या नळीवर उतरवून ठेवलेत,
दोन्ही टोकांना गाठ, वर चिकटपट्टी.
डॉक्टरसाहेबांनी एकदा पाहिलं, म्हणाले,
सिस्टर, पेशंट कसा आहे?
म्हटलं, स्थिर आहे.

घरी कपाटात साड्यांच्या मागे अजून अकरा लड्या.
यांना ते ठाऊक नाही
असं आम्ही दोघंही धरून चालतो.
ब्रह्मपुरीच्या दुकानदारानं बजावलं होतं,
बाई, घ्यायची तर आताच घ्या सारी,
पुढच्या खेपेला लाल येईल,
पण हा लाल येणार नाही.
तरी मी एकच घेतली. महिन्याची वीस तारीख होती.

सोमवारी वासेरा, मंगळवारी नवरगाव,
रस्ता बरा असेल तिथे जाळीची नक्षी,
खड्डे लागले की नुसते सुलट टाके.
स्वेटरची पाठ उलगडली तर
कुठे डांबर उखडलं होतं ते सांगू शकेन.

त्या दिवशी सिंदेवाहीहून मूलला मीटिंग होती.
थंडी अशी, की कंडक्टर तिकिटं फुंकून सुटी करत होता.
टोपड्याची गुंडी संपली, हातात लडी उरली,
आणि लडीला दोन हात लागतात
जे विणणारीचे नसतात.
समोरच्या सीटची पाठ छोटी. गुडघ्यांवर निसटत होती.
शेजारी बसलेल्या माणसानं
पायाजवळची टोपली सीटखाली सरकवली
अन् न विचारता पंजे पुढे केले.
मासळीचा वास, नखांच्या कडा पांढऱ्या फुगलेल्या,
करंगळीला जुन्या दोराची घळ.

मी गुंडाळत होते, तो हात डोलवत होता,
डावा, उजवा, डावा,
धागा कधी ताणला नाही, कधी सैल पडला नाही.
तुम्ही कधी केलंय हे?
"जाळं इनतो ना बाई. मी दिघोरे, राजोलीचा."
घरं मोजता कशी?
"मोजत नाही. बोट घालून पायतो.
बोट अडकलं त ठीक."
मी बाळाचं डोकं आठवलं.
मोजलं नव्हतंच. तळहात ठेवून पाहिलं होतं.

राजोली आली. कंडक्टरनं दोनदा बेल मारली.
उतरा ना, म्हटलं, राहील तशी.
"गुता होईल," तो म्हणाला,
आणि हात तसेच धरून बसला.
मागून कुणीतरी हसलं. गाडी सुटली.
मी गुंडाळायची घाई केली,
घाईत गुंडी वाकडी झाली, वांग्यासारखी.

मूलच्या स्टँडवर शेवटचा वेढा सुटला
तेव्हा त्याच्या मनगटांवर लाल तूस होतं.
परतीचं तिकीट काढून देते म्हटलं.
नको म्हणाला. मग थोडा घुटमळला.
"हातभर देसान का यातला?
आमच्या तलावात साऱ्याईची जाळी सारखीच.
माह्या जाळ्याले बांधतो, वळखू येते."

इंजेक्शनच्या कात्रीनं हातभर कापून दिला.
त्याच्या हाताचा हात, माझ्या नाही.
एवढ्यानं काय फरक पडतो, वाटलं.

टोपडं शेवटच्या दोन ओळींना कमी पडलं.
काठ मफलरमधल्या पिवळ्यानं केला.
नणंद म्हणाली, वहिनी, मुद्दाम केलं का हो?
छान दिसतंय.
मी हो म्हटलं.

मफलर आता तेवढा आखूड होणार.
स्वेटर नळीवरच आहे.