डाव्या हाताचे सहा आठवडे

अमळनेरच्या बस स्टँडवर सुटे पैसे मोजता मोजता
मी खाली बसले, असं हे सगळ्यांना सांगतात.
मी बसले नव्हते. मला कुणीतरी बसवलं होतं.
नाडी छत्तीस.

जळगावला टेबलावर मी जागीच होते.
तोंडावर हिरवं कापड, डावा खांदा बधिर,
आणि शिरेतून तार आत सरकवताना डॉक्टर
कुणाला तरी विचारत होते
बामणोदच्या वांग्यांचा भाव.
मी कापडाखालून म्हटलं,
भरिताला वजनानं हलकं घ्या, बिया कमी निघतात.
सगळे एकदम गप्प झाले.

आता खांद्याच्या हाडाखाली एक चपटा उंचवटा आहे,
कातडीखाली कुणी कुंकवाची डबी ठेवून विसरावी तसा.
ब्लाऊजची शिवण नेमकी तिथेच घासते.
हेमलतानं दोन जुने उसवून ढिले करून दिले,
काही न बोलता. तिचं हे मला आवडतं.

डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही.
मोबाईल उजव्या कानाला.
भरलेली कळशी नाही, नातू नाही, गव्हाची कोठी नाही.
वेणी घालायला दुसऱ्याचे हात.
डाव्या कुशीवर झोपायचं नाही,
म्हणजे रागावले तरी
ह्यांच्याकडे पाठ करता येत नाही.

सुपडूअण्णा आले. कशी शे वं माय?
मग बराच वेळ पंख्याकडे बघून,
बॅटरी किती वर्षं चालते म्हणे?
दहा, मी म्हटलं.
त्यांनी बोटांवर हिशेब केला
आणि केला नाही असं दाखवलं.
मी तो आधीच केला होता. एक्क्याऐंशी.
तेव्हा आधी कोण थांबतं, ती की मी,
हे बघायला अण्णा असतील की नाही,
हाही केला.

लॅपटॉपवाला पोरगा म्हणाला होता,
आजी, साठच्या खाली जाऊ देणार नाही.
रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मला ते आठवतं.
कोण कुठला पोरगा, मिसरूड नाही फुटलं,
जाऊ देणार नाही म्हणतो.

आणि पाचव्या आठवड्यात आखाजी.

छाया सुरतेहून आली.
घागर भरली, वर डांगर ठेवलं.
यंदा त्या पाण्यावर हक्क सांगायला
मीही पलीकडे रांगेत असते,
हे घागरीला हात लावताना सगळ्यांच्या मनात आलं,
म्हणून सगळे आंब्यांबद्दल बोलले.

चुलीवर खापर तापलं.
मांडा पोळपाटावर वाढत नाही, हातांवर वाढतो,
कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर.
मी एका बैठकीत चाळीस केलेत.
हेमलता साताऱ्याकडची. तिला मी खुर्चीवरून सांगत होते,
अजून पातळ, मनगट फिरव, भिऊ नको,
आणि तिचे तीन गोळे फाटून राखेत गेले.
छायाला येतं, पण ती सुरतेची झालीय,
लाटून करू म्हणाली.
माझा डावा हात मांडीवर आपोआप फिरत होता.
हात खाली, हे ओसरीतून ओरडले.

मग स्वतःच उठून आले.
पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतला
आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले,
बाही वर करून,
तिकीट फाडायला उभं राहावं तसे.
बावन्न वर्षांत ह्यांनी कणकेला बोट लावलेलं नाही.

माझा उजवा, ह्यांचा डावा.
गोळा मधे.
मी टाकला, त्यांनी घाबरून झेलला,
परत दिला, मी घेतला,
दोघांच्या हातांमधे तो लोंबला, रुंद झाला,
हेमलतानं तोंडाला पदर लावला,
छायानं फोन काढला, मी म्हटलं ठेव तो.

खापरावर पडला तेव्हा तालुक्याच्या नकाशासारखा होता,
मधे दोन भोकं, भोकांतून काळं खापर.
पितरांना असा नको, म्हणून तो ह्यांनीच खाल्ला,
रसात बुडवून, उभ्या उभ्या.

आणखी एक करू, म्हणाले.
मी गोळा उचलला.
हात वर घ्या, म्हटलं. अजून वर.
तुम्हाला कुणी अडवलंय?