उफराट्या

तार्तूत नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
किल्ल्या माझ्याकडे, शेवटची बस साडेनऊची,
आणि वर तिसऱ्या मजल्यावर वाद.

तळघरात हिलारचं यंत्र चालू आहे, अकरा वर्षं.
त्याला सांगितलंय एवढंच :
परिपूर्ण संख्या शोध, पण विषम.
एक, दोन, तीन मिळून सहा; सुबक, पण सम.
अठ्ठावीसही समच.
सापडली की थांब.
विजेचे पैसे विभागाच्या कॉफीच्या डब्यातून जातात,
म्हणून इथली कॉफी पातळ.

आज रायगो जिने दोन-दोन चढत आला :
"मी पंच लिहिलाय.
कुठलाही प्रोग्राम द्या, न चालवता सांगतो
थांबेल, की फिरत राहील.
चारशे तपासले. एक चुकला नाही.
हिलारचंही सांगून टाकू."

विर्वेबाईंनी पावाची कागदी पिशवी फाडून सपाट केली,
तिच्या पाठीवर सात ओळी लिहिल्या.
"हा माझा उफराट्या.
तुझ्या पंचाला हा आधी विचारतो,
माझं काय होणार?
थांबशील म्हणालास, तर हा फिरतच राहणार.
फिरशील म्हणालास, की जागच्या जागी खल्लास.
आता विचार तुझ्या पंचाला."

रायगो पिशवीकडे बघत राहिला.
लोण्याचा डाग पाचव्या ओळीपर्यंत पसरला होता.
"पण स्वतःबद्दल विचारायचं म्हणजे..."
"अक्षरंच ना ती? अक्षरांना अक्षरं वाचता येतात."
"मग अशा वेळी पंचाने गप्प बसावं!"
"किती वेळ?" विर्वेबाई म्हणाल्या.
"गप्प बसलेला पंच आणि अडकलेला पंच
बाहेरून सारखेच दिसतात, पोरा."

नऊ वाजून दहा.
मी किल्ल्या वाजवल्या. कुणी बघितलं नाही.
रायगोने नवा पंच मांडला, उफराट्याला ओळखणारा;
बाईंनी पिशवीची दुसरी बाजू उलटली,
त्या पंचासाठी दुसरा उफराट्या.
मग तिसरा पंच.
कागद संपत आला, माणसं संपेनात.

हिलार इतका वेळ राईच्या पावावर मासा ठेवून खात होता.
बोटं पुसत म्हणाला, "मग माझं यंत्र?"
"तुझं साधं आहे," बाई मऊ झाल्या.
"त्याचं कुणी उद्या सिद्ध करेलही.
एकेकाचं कळू शकतं, हिलार.
सगळ्यांना पुरेल असा एकच जाणता नाही, एवढंच."
"उद्या," हिलार म्हणाला,
आणि डब्यात एक नाणं टाकलं.

दार ओढून मी बाहेर पडलो तेव्हा दहाला पाच होते.
तळघराच्या जाळीतून गरम वारा पायांवर आला.
पुलाखाली एमायोगी, काठांना पातळ बर्फ,
मधोमध काळं पाणी चालतंय.
थांब्यावर दिवा होता, माणूस नव्हतं.
बस गेली असेल. किंवा उशिरा धावत असेल.
नुसतं बघून दोन्ही सारखंच दिसत होतं.

मी थांबलो.