भोंगा

मोहप्याच्या शिवेवर दीड एकर,
संत्र्याची शंभरेक झाडं, कडेच्या पट्ट्यात भुईमूग,
आणि बाभळीला तारेनं बांधलेला भोंगा.
दर चार मिनिटांनी अंधारात ओरडतो:
"हाऽऽ रे हाऽऽ! धर त्याले! धर, धर!"

आवाज शेजारच्या लोमेशचा.
सातवीत होता तेव्हा भरून घेतला.
एका कुल्फीवर ठरलं होतं, त्यानं दोन खाल्ल्या.
शेवटच्या "धर"ला तो हसू दाबतो,
कान देऊन ऐकलं तर कळतं.

पहिला महिना डुकरांनी वाट बदलली.
मग एका रात्री मादी एकटीच आली.
बांधावर उभी राहून तिनं सगळं ऐकून घेतलं,
चार मिनिटं थांबली,
पुन्हा तेच ऐकलं,
आणि जाऊन पिलांना घेऊन आली.

कुंपणाला चंद्रकलेच्या जुन्या साड्या.
माझ्या बहिणीनं दिलेली अबोली
तिनं सर्वांत आधी टरकावली, तीही नवीकोरी.
रोही त्यावरून उडी घेतो
पदराला खूर न लावता.
मी म्हटलं, बघ, जनावराला किंमत आहे.
ती म्हणाली, मग त्यालाच नेसवा.

डुकरावर चिडता तरी येतं.
पतंगावर कसं चिडायचं?
टॉर्च मारला की त्याचे डोळे बिडीच्या टोकाएवढे लाल,
सोंड पिकल्या संत्र्यात रुतलेली,
हलत नाही, पळत नाही.
सकाळी सालीवर टाचणीएवढं भोक
आणि दोन दिवसांनी फळ खाली, आवाज न करता.
संध्याकाळी ओल्या पाल्याचा धूर करतो.
डोळे माझेच चुरचुरतात.

देवरावानं पिठाचा गोळा ठेवला होता,
आत काय भरलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सकाळी धुऱ्यावर त्याचाच वाघ्या पडलेला.
आम्ही दोघांनी खड्डा खणला.
मुरूम लागला तेव्हा पहार मी घेतली.
तेवढंच बोलणं झालं.

यंदा दिवाळीत लोमेश आला,
बुटीबोरीला कंपनीत आहे, मिशी आलीय.
बाजेवर बसला आणि भोंगा वाजला.
"काका, हा मी आहो?"
कानापर्यंत लाल झाला.
"काढा तो. नवा भरून देतो, जाड."

दिला. खरंच जाड आहे.
पोलिसानं दार ठोकावं तसा.
नऊ रात्री शेतात कोणी फिरकलं नाही,
भुईमूग जिथल्या तिथं,
आणि मी दर चार मिनिटांनी दचकून जागा.

काल मादी आली.
बांधावर उभी. कान पुढं.
मी मच्छरदाणीत उठून बसलो.
भोंगा सुरू झाला,
आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकला,
"धर, धर"
आणि त्यापुढं काहीच नाही.

ती अजून उभी होती.
मीही.