मातीचा कुलर

पेंचला वाघ दिसला नाही.
दोन सफाऱ्या, चार टोप्या, एक उलटी,
आणि गाइडने दाखवलेला धुळीतला पंजा,
जो तनयच्या मते कुत्र्याचाही असू शकतो.

म्हणून नागपुरात एक दिवस उरला.
मे महिन्यातला. सेहेचाळीस अंशांचा.
कुणाच्या तरी ओळखीने महालात, चितार ओळीत
मी दोन तास ठरवले:
मुलामागे तीनशे, माती त्यांची, ॲप्रन आपले.
सकाळी साडेसातलाच या, गुणवंतकाका म्हणाले,
नंतर माती ऐकत नाही.

गल्लीच्या दोन्ही अंगांना गणपती.
कुणाला सोंड नाही, कुणाला हात नाहीत,
एकाच्या मांडीवर मोबाइल चार्जिंगला.
ऋजुता थबकली. यांचे हात कुठे गेले?
"मागच्या खोलीत वाळून राहिले ना, बेटा."
जणू हात म्हणजे कपडे.

मी सगळं घरूनच ठरवून आले होते.
मुलं रमणार, नाकावर मातीचा ठिपका येणार,
तो फोटोत नीट दिसणार.

तनयने गोळा घेतला, हुंगला,
आणि चौकोन करायला लागला.
वाघ कर ना, मी म्हटलं, वाघाचं तोंड सोपं असतं.
मला शाळेत चित्रकलेत कायम 'बरी' मिळायचं
हे मुलांना माहीत नाही.
चौकोनच.
"काय होय बे हे?"
"कुलर."

लॉजवरचा. रात्रभर गुरगुरणारा,
पहाटे तोंडावर थेंब उडवणारा,
ओल्या गवताचा वास सोडणारा,
ज्याला हात लावायला तो झोपेतून उठायचा
आणि मी ओरडायचे, शॉक बसेल!

मला वाटलं, काका हसतील.
ते उकिडवे बसले. डोकं वाकडं करून बघितलं.
"याले जाळी कुठाय? जाळीबिगर हवा कुठून येईन?"
आतून चहाची गाळणी आणली,
ओल्या मातीवर दाबली, तिन्ही बाजूंनी,
हळू, जसं कुणाचं कपाळ दाबावं.
"माही गाळणी!" बेबीबाई आतूनच.
"अन् टुल्लू?"
टुल्लू म्हणजे पाणी वर चढवणारा छोटा पंप,
हे आम्हा चौघांनाही तिथेच कळलं.
काकांनी सुपारीएवढा टुल्लू वळून दिला.
तनयने तो आत बसवला,
जिथे तो कुणालाच दिसणार नाही,
आणि वरून झाकण लिंपून टाकलं.

ऋजुताने काहीच केलं नाही.
दोन तास बेबीबाईंच्या शेजारी बसून
मातीतले खडे वेचले, सुपात ओळीने लावले.
अगं, पैसे भरलेत, मी दोनदा म्हटलं.
"काम करून राहिली ना ते," बेबीबाई म्हणाल्या,
आणि निघताना तिचे तीनशे घेतलेच नाहीत.
उलट तिच्या मुठीत वीसची नोट कोंबली.
मजुरी, म्हणे.

कुलर मात्र गाडीत ढासळला असता.
कच्ची माती, आठ दिवस तरी सावलीत हवी.
तनय रडला नाही, फक्त नाक वर ओढत राहिला.
काकांनी फळीवर जागा केली,
दोन बिनहाताच्या गणपतींच्या मध्ये.
ठेवला. लांब जाऊन पाहिला.
परत येऊन त्याचं तोंड जरा फिरवलं,
मोठ्या गणपतीकडे.

रात्रीची गाडी. एसी डबा, कुठलाच वास नसलेला.
बॅगेत माझा ॲप्रन, घडीसुद्धा न मोडलेला.
नवरा फोटो चाळतोय: सगळ्यांत तनयची पाठच.
ऋजुता वीसची नोट उशीखाली घालून झोपली.
वर्धा गेल्यावर वरच्या बर्थवरून आवाज आला,
"आई, काकांना माहितीय. पण बाकीच्यांना?
बाकीच्यांना कसं कळणार, आत टुल्लू आहे?"

मी म्हटलं, झोप आता.
आणि बराच वेळ जागी राहिले.